हेरन्सचा तिसरा बाक

जिंकणाऱ्या टीमच्या लोकांना विचारा, ते तुम्हाला स्कोअर सांगतील. आम्हाला विचारलंत तर आम्ही किस्से सांगतो, कारण स्कोअर सांगण्यासारखा कधी नव्हताच!

हेरन्स ही आमची आयर्लंडमधल्या लिमरिकची बास्केटबॉल टीम. हेरन म्हणजे राखी बगळा, तासन्‌तास एका पायावर उभा राहून वाट बघणारा. नाव ठेवणाऱ्याला भविष्य कळत असावं. आम्ही चार-पाच मराठी माणसं २००८च्या हिवाळ्यापासून, ही टीम लिमरिक सोडून जाईपर्यंत, जवळजवळ दर शनिवारी तिसऱ्या बाकावर बसून तिला हरताना बघत आलो. अजूनही कुणाकडे जेवायला जमलो की पानं घेईपर्यंत एखादा किस्सा निघतो, आणि एक निघाला की त्याच्या मागून दुसरा. माझा नवरा गिरीश म्हणतो, "हिला थांबवू नका. इतके पराभव गिळलेत, कुठूनतरी बाहेर पडणारच."

पडणारच! तेव्हा ऐका.

* * *

पहिल्यांदा आम्ही गेलो ते बास्केटबॉलसाठी नव्हे, हीटिंगसाठी.

गिरीश तिथल्या हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर, मी मेडिकल डिव्हाइसच्या प्लांटमध्ये क्वालिटीला. नुकतंच भाड्याचं घर घेतलेलं, आणि घर गरम ठेवायला मागच्या अंगणातल्या टाकीत तेल भरावं लागतं हे आम्हाला टाकी रिकामी झाल्यावर कळलं. तेही शनिवारी. तेलवाला म्हणाला, सोमवारी येतो. घरात स्वेटरवर स्वेटर घालून बसलो होतो, तेवढ्यात माझी लेक रेवा दप्तरातून शाळेत मिळालेले मॅचचे फुकट पास घेऊन आली. मी एकच प्रश्न विचारला, "हॉल गरम असतो का?"

हॉल गरम होता. बाकी सगळं थंड होतं. हेरन्स असे हरले की समोरच्या टीमने शेवटी आपले राखीव खेळाडू घातले आणि त्यांच्याकडूनही हेरन्स हरले.

मॅच संपल्यावर ब्रीडा नावाच्या बाई चहाचे कप घेऊन एकेका बाकापाशी आल्या. क्लबच्या सेक्रेटरी त्याच, चहा करणाऱ्या त्याच. प्रत्येकाला कप देताना त्या म्हणत होत्या, "सॉरी अबाउट दॅट, लव्ह." आमटीत मीठ जास्त पडल्यासारखं!

ओळख करून देऊन झाल्यावर आपल्याकडच्या सवयीने गिरीश म्हणाला, "छे छे, छान होती की मॅच!"

ब्रीडाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू डॉक्टर ना? पेशंटनाही असंच सांगतोस का?"

* * *

आमच्या बाकावरचा खरा भक्त म्हणजे जोग. डॉक्टर जोगळेकर, पुण्याचा, हाडांचा रजिस्ट्रार, म्हणजे मोठ्या डॉक्टरच्या हाताखालचा. इथे रजिस्ट्रारांना एका जागी टिकू देत नाहीत. जुलै आला की नवं गाव, नवं हॉस्पिटल, नवी खोली. जोगने स्लायगो पाहिलं होतं, ट्रॅली पाहिलं होतं, ड्रॉहेडा पाहिलं होतं. बायकोही डॉक्टर, त्याच पद्धतीने देशाच्या दुसऱ्या टोकाला. लिमरिकला कशी कोण जाणे, त्याची मुदत वाढत गेली, आणि त्याने हेरन्सना धरलं ते सोडलंच नाही. शनिवारी ऑन-कॉल आला तर तो दुसऱ्याची अख्खी ख्रिसमसची ड्यूटी अंगावर घेऊन शनिवार सोडवायचा.

तर एकदा मॅच चक्क बरोबरीत चालली होती. आम्ही श्वास रोखून बसलेलो. अशात समोरच्या टीमचा सगळ्यात भारी खेळाडू घोटा धरून खाली बसला. हॉलमध्ये दुःख पसरलं असं मी म्हणणार नाही.

जोग मात्र बाकावरून उडी मारून धावला! घोटा तपासला, बर्फ मागवला, पट्टी अशी झकास बांधली की तो पठ्ठ्या लंगडत गेला आणि उड्या मारत परत आला. आल्यावर त्याने एकामागून एक बास्केट टाकून आमचा निकाल लावला.

आमचे कोच डोनल, शाळेत भूगोल शिकवणारे शांत गृहस्थ. ते जोगजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "डॉक्टर, तू फार उत्तम डॉक्टर आहेस. पुढच्या वेळी जरा कमी उत्तम होशील का?"

* * *

दर क्लबला एक अमेरिकन खेळाडू ठेवता यायचा. आमचा टेरेल, ओहायोचा. दारातून वाकूनच आत यायचा. आधीचे अमेरिकन सीझन संपायच्या आत पळाले होते, हा राहिला. का राहिला हे त्यालाही सांगता यायचं नाही.

टेरेल एकटाच राहतो, चिप्सच्या दुकानावरच्या खोलीत, हे कळल्यावर माझ्यातली कोल्हापूरकरीण जागी झाली. दसरा आम्ही सुट्टीच्या सोयीने शनिवारी करायचा ठरवला होता. मी त्याला दुपारी जेवायला बोलावलं. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात. आता पाहुण्याने पहिल्यांदा "नको" म्हटलं की आपण ते धरत नाही. दुसऱ्यांदा म्हटलं तरी धरत नाही. टेरेल बिचारा चार वेळा "नो, मॅम" म्हणाला, आणि आम्ही चारही वेळा वाढलं. जोग तर शेजारी बसून "माझ्यासाठी एक!" करत पुऱ्या टाकत होता.

संध्याकाळी मॅच. टेरेल कोर्टावर उतरला तोच डोळे मिटत. पहिल्या पाच मिनिटांत एकदाही वर उडाला नाही. एकदा तर बॉल त्याच्या छातीवर आपटला तेव्हा त्याला कळलं की मॅच सुरू झालीय.

पुढच्या शनिवारी ड्रेसिंगरूमच्या दारावर डोनलच्या अक्षरात पाटी होती: "मॅचच्या दिवशी खेळाडूंनी भारतीय घरांत जेवू नये."

जोगने पाटी वाचली. "मी म्हणत होतो वहिनी, श्रीखंड नको," तो म्हणाला, "बासुंदी हलकी पडली असती!"

* * *

रेवाच्या वर्गात बाईंनी विचारलं, कोण कुठल्या टीमचं? सगळी पोरं रग्बी, हर्लिंग, इंग्लंडमधले फुटबॉलचे क्लब, अशी नावं घेत होती. आमच्या बाईसाहेब उठून म्हणाल्या, "हेरन्स!"

वर्गशिक्षिका खुर्चीतून उठल्या, जवळ आल्या, रेवाचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "सॉरी फॉर युअर ट्रबल."

हे वाक्य इथे मयताला गेल्यावर घरच्यांना म्हणतात. रेवाने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "मग तू काय म्हणालीस?"

"आय सेड थँक यू. व्हॉट एल्स वुड आय से, मॅमी?"

* * *

माझी आई कोल्हापूरहून आली ती ऐन जानेवारीत. दोन शाली, कानटोपी आणि मोजे घालून तिला हॉलमध्ये आणून बसवली. तिने अर्धी मॅच गंभीरपणे पाहिली. मग मला कोपराने ढोसलं.

"आगं, एवढी ताडासारखी पोरं, आन्‌ बॉल जाळीत पडंना व्हय? कुनाची तरी दिष्ट लागल्याय बघ."

मी म्हटलं, "आई, गप बस."

ती गप बसली. माझी आई गप बसली की काळजी करावी, हे मी इतक्या वर्षांत विसरले होते. हाफटाइमला बघते तर शेजारची जागा रिकामी! हॉलच्या किचनमध्ये ही आणि ब्रीडा, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण दोघी गॅसपाशी उभ्या. आईने पर्समधून मीठ-मोहऱ्या आणि कोल्हापूरहून आणलेल्या सुक्या लाल मिरच्या काढल्या होत्या. बाहेर बसलेल्या टीमवरून लांबूनच हात ओवाळून झाला होता. मी "आई, नको!" म्हणेपर्यंत सगळं तापलेल्या तव्यावर पडलं.

अशी मिरचीची खाट सुटली म्हणता! आधी ब्रीडा खोकली. मग स्कोअरच्या टेबलावरचे, मग रेफरी, मग दोन्ही टीम्स, मग अख्खा हॉल. आणि मग फायर अलार्म. सगळे बाहेर पार्किंगमध्ये, पावसात, खेळाडू हाफ चड्डीत कुडकुडत. आगीचा बंब आला. त्यातला माणूस आत जाऊन तवा बघून आला आणि म्हणाला, "नक्की काय जाळत होतात?"

"धार्मिक काहीतरी," ब्रीडा डोळे पुसत म्हणाली. त्याने पुढे एक शब्द विचारला नाही.

मॅच पुन्हा सुरू झाली आणि हेरन्स नेहमीसारखे हरले. डोनल आईजवळ आले. दृष्ट म्हणजे काय ते त्यांना एव्हाना जोगने समजावलं होतं. त्यांनी फार आशेने मला विचारलं, "मग, निघाली का ती?"

मी आईला विचारलं. आई कानटोपी नीट करत म्हणाली, "सगळ्यास्नी ठसका लागला न्हवं? म्हंजे दिष्ट न्हवतीच. दिष्ट असती तर मिरचीचा वासबी आला नसता. ह्यास्नी खेळायचं येत न्हाई, दुसरं काय न्हाई!"

मी डोनलना सांगितलं, "निघाली म्हणतेय."

* * *

मग ती बातमी आली. मंदीत स्पॉन्सरने हात वर केले होते. तिकडे डब्लिनच्या वर, स्वोर्ड्सला, नवाकोरा हॉल तयार होता आणि तिथल्या लोकांना लीगमध्ये जागा हवी होती. क्लबच्या चेअरमननी ठरवलं होतं की सीझन संपला की हेरन्स स्वोर्ड्सला जातील. सभा बोलावली ती फक्त सांगायला.

मी इतकी चिडले होते! पाच वर्षं ज्यांना शिव्या घातल्या, ज्यांच्यापायी शनिवारचा घसा सोमवारपर्यंत बसलेला असायचा, त्यांना न्यायचा अधिकार दुसऱ्या कुणाला कसा? पण सभेत सगळा गाव मान खाली घालून बसलेला. चेअरमननी विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?"

आणि जोग उठला.

जोगचे वडील पुण्यात सोसायटीचे सेक्रेटरी. वार्षिक सभा कशी लांबवायची हे त्याच्या रक्तातच! "अध्यक्ष महाराज, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम झालेलं नाही," इथून त्याने इंग्रजीत सुरुवात केली. मग सभेची नोटीस पुरेशी आधी दिली का? मग ठरावाला अनुमोदक कोण? मग अनुमोदकाला मतदानाचा हक्क आहे का? चेअरमन घाम पुसत ब्रीडाच्या कानाला लागले, "हा माणूस तुम्हाला मिळाला कुठे?" आम्ही खूश होऊन बघत होतो.

पण हरकती संपल्या. जोग उभाच होता. मग तो हळू आवाजात म्हणाला, "मला आजवर दर जुलैत हलवत आले, पुन्हा कधीही हलवतील. मी सामान बांधतो आणि जातो, कुणाला का म्हणून विचारत नाही. माझं कामच तसं आहे. पण शनिवारी मी कुठे असेन हे माझ्या बायकोला न विचारता माहीत असतं, ते फक्त या हॉलमुळे. हेरन्स हरू देत. हलू मात्र देऊ नका."

चेअरमन म्हणाले, "फेअर प्ले टू यू, डॉक्टर," म्हणजे शाब्बास. आणि सभा संपली असं जाहीर केलं.

बाहेर पार्किंगमध्ये मात्र खरी सभा भरली. प्रत्येक जण तावातावाने बोलत होता. "लाजिरवाणं आहे!" "तो चेअरमन स्वतःला समजतो कोण?" पाऊण तास झाला तरी कुणी गाडीत बसेना. माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, "मग आत का नाही बोललात?"

ब्रीडा माझ्याकडे आश्चर्याने बघत म्हणाली, "आत चेअरमन होते ना, लव्ह!"

* * *

मधेच एक स्वोर्ड्सचा सांगून टाकते, नाहीतर राहील.

माझी पुण्याची मैत्रीण मेधा स्वोर्ड्सला राहते, एअरपोर्टवर ऑफिसात आहे. बातमी कळल्यावर तिचा आनंदाने फोन. "अगं, तुमची टीम आमच्याकडे येतेय! तुम्ही मॅचला या, राहायलाच या!" "येऊ," म्हटलं आणि फोन ठेवला.

टीम गेली. नव्या हॉलमध्ये, नव्या जर्सीत खेळायला लागली. नाताळच्या सुमाराला पुन्हा मेधाचा फोन, या वेळी आवाज पडलेला. "अगं, हे असंच असतं का?"

"कसं?"

"हरतात गं! दर आठवड्याला! आम्हाला आधी काही बोलली नाहीस ती!"

"मेधा," मी म्हटलं, "आम्ही काही लपवून दिलेलं नाही. दर सोमवारी पेपरात छापून यायचं!"

तिने फोन आपटला. मग पाच मिनिटांनी मेसेज आला, "त्या उंच मुलाला गोड काय आवडतं?"

* * *

आता शेवटची लिमरिकमधली मॅच.

कॉर्कची टीम आली होती. हॉल असा भरला होता की लोक भिंतींना टेकून उभे. जे कधी आले नव्हते तेही आले होते, आणि मला त्यांचाही राग येत होता. एवढे सगळे आधी होतात कुठे?

कोर्टाच्या कडेला टेबल असतं, तिथे घड्याळ आणि स्कोअर सांभाळायला यजमान क्लबचीच माणसं बसतात, फुकट, हौसेने. घड्याळावर बसायचा तो म्हातारा जिमी त्या दिवशी म्हणाला, "आज मला मॅच बघायचीय, आकडे नाही," आणि बायकोशेजारी जाऊन बसला. डोनलनी इकडेतिकडे बघितलं. घड्याळाचा कोर्स केलेला दुसरा माणूस एकच होता. जोग आमच्या बाकावरून उठून टेबलाशी गेला. शेजारी ब्रीडा, स्कोअर लिहायला.

काम साधं. शिट्टी वाजली की घड्याळ थांबवायचं, बॉल पुन्हा आत येऊन कुणाच्या हाताला लागला की बटण दाबून चालू करायचं. घड्याळ शून्यावर आलं की मॅच संपली. जोगने ते चोख केलं. हेरन्स पहिल्यापासून मागे होते, ते मागे मागेच पडत गेले. चमत्कार वगैरे काही होणार नव्हता. तिकडे टेरेल जीव तोडून धावत होता, डोनल नेहमीसारखे हाताची घडी घालून उभे. मी ओरडत नव्हते. पहिल्यांदाच.

एक मिनिटापेक्षा कमी उरलं तेव्हा बॉल बाहेर गेला. शिट्टी. घड्याळ थांबलं. बॉल आत फेकला गेला, टेरेलने झेलला आणि निघाला.

घड्याळ निघालं नाही.

टेरेलने बास्केट टाकली. कॉर्कवाल्यांनी इकडे येऊन टाकली. पुन्हा आपले तिकडे. घड्याळावरचा आकडा तोच. मला वाटलं, मलाच नीट दिसत नाही. गिरीशने माझा दंड धरला. जोगचं बोट बटणावर होतं आणि तो समोर कोर्टाकडे बघत होता. शेजारी ब्रीडा खाली मान घालून स्कोअर लिहीत होती, लिहीत होती, आणि एकदाही तिने घड्याळाकडे मान वळवली नाही.

कॉर्कच्या कोचना कळलं. ते उठले, घड्याळाकडे बघितलं, जोगकडे बघितलं, तोंड उघडलं. आणि खाली बसले. मग भिंतीपाशी उभ्या असलेल्यांना कळलं, मग मागच्या बाकांना. भरलेल्या हॉलमध्ये नुसता बॉल आपटल्याचा आणि बुटांचा आवाज. पोरं खेळत होती. दमली होती, पण एकानेही वर आकड्याकडे बघितलं नाही.

शेवटी रेफरीने शिट्टी वाजवली. पाच वर्षं आमचं ज्याच्याशी भांडण, नियमाच्या बाहेर एक बोट न सोडणारा हाच तो माणूस. बॉल काखेत मारून तो टेबलाशी आला. तो वाकला.

"डॉक्टर, घड्याळ बिघडलंय का?"

"नाही," जोग म्हणाला.

"बटण अडकलंय?"

"नाही."

रेफरीने मान वर केली. आमच्या बाकांकडे बघितलं, भिंतींना टेकलेल्या लोकांकडे बघितलं, मग धापा टाकत उभ्या असलेल्या दोन्ही टीम्सकडे. चेअरमन पहिल्या रांगेत उठून उभे राहिले होते, त्यांच्याकडे मात्र बघितलं नाही.

"ग्रँड," तो म्हणाला, इथे 'ठीक आहे, चालू दे'ला म्हणतात तसं, आणि जाऊन बॉल टेरेलच्या हातात दिला.